चेहऱ्याची कॉस्मेटिक सर्जरी : घरी आल्यानंतरचे दिवस (अनुभव धागा)

सर्जरीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो सगळीकडे दिसतात, मधले आठवडे कुणी दाखवत नाही. माझी पापण्यांची सर्जरी झाली तेव्हा टाके कधी निघणार, काय खायचं हे नीट सांगितलं होतं. पण मलम घातलं की सगळं धूसर होतं आणि फोनवरचं अक्षरही लागत नाही, डोळे कोरडे पडून चुरचुरतात, पापण्या काही दिवस पुऱ्या मिटत नाहीत, हे घरी आल्यावर कळलं. नाक, पापण्या, कान, फेसलिफ्ट (चेहऱ्याची सैल कातडी ताणून बसवणं) यांपैकी काही करून घेतलेल्यांनी किंवा घरच्या कुणाची उठबस केलेल्यांनी इथे जरूर लिहा. सर्जरी का केली हे इथे कुणी विचारणार नाही. डॉक्टरांची, हॉस्पिटलची, औषधांची नावं मात्र नकोत.

रानजाई
माझं नाक, हाडासकट. दुखण्यापेक्षा नाक चोंदल्याचाच त्रास जास्त. तोंडाने श्वास घ्यायचा, त्यामुळे घसा कोरडा, ओठ फुटलेले, आणि डोकं उंच ठेवून उताणंच झोपायचं. डोळ्यांभोवतीचं काळंनिळं पहिल्या दिवशी कमी असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं. तेव्हा घाबरू नका. पुढे ते हिरवट-पिवळं होत साधारण दोन आठवड्यांत जातं.

आठवड्याने नाकावरचं स्प्लिंट (आधाराचं कडक आवरण) काढल्यावर आरशात पाहिलं आणि रडूच आलं. नाक रुंद, शेंडा वर ओढलेला, वरचे पुढचे दात बधिर. मला हेच सगळ्यांना सांगायचंय की त्या दिवशी दिसतं ते तुमचं नाक नसतं, ती सूज असते. शेंड्याची सूज सगळ्यांत शेवटी उतरते. त्याला वर्ष लागतं, त्वचा जाड असेल तर त्याहूनही जास्त. रोज फोटो काढून ताडून पाहू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका, नाक शिंकरू नका, आणि पुढून बटणं असलेलेच कपडे घाला.

आमच्याकडे ‘ही परदेशी थेरं’ म्हणणारे होते. पुण्यात कावसजी नावाच्या माणसाचं कापलेलं नाक एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवलं होतं, आणि १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते चित्रासह छापून आल्यावर तिकडचे सर्जन या रीतीकडे वळले. त्याचं नाक कापलेलं होतं, माझं नव्हतं, हे मान्य. पण ही विद्या परकी नाही.

सांजवारा
आईच्या फेसलिफ्टनंतर मी जवळ होते. पहिली रात्र जागून काढा, अगदी कळकळीने सांगते. दोन्ही गाल सुजतातच, पण आईचा एकच गाल भराभर फुगू लागला, टणक झाला, कळा वाढल्या. सर्जनना फोन केला, त्यांनी तिथल्या तिथे बोलावून साचलेलं रक्त काढलं. हीमॅटोमा, म्हणजे असं आत रक्त साचणं, बहुतेक पहिल्या २४ तासांतच होतो. ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

दुसरं म्हणजे मिश्री. आईला जुनी सवय. कित्येक आठवडे आधीपासून बंद करायला लावली होती. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि कानामागच्या ताणलेल्या कातडीला रक्त पोचलं नाही तर ती काळी पडून मरते. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असं विचारलं की आपल्या बायका ‘नाही’ म्हणतात, मिश्री त्यांच्या हिशेबात नसते. म्हणून आपण होऊन सांगा.

कानांभोवतीचा बधिरपणा महिनोन्‌महिने राहतो. त्या जागी केस वाळवायचं मशीन किंवा गरम शेक लावू नका, भाजलेलं कळतच नाही.

निळीशाई
कान. पट्टी निघाल्यावरही झोपताना काही आठवडे हेडबँड लावायला सांगितला होता. आणि हेल्मेट चढवता येत नाही, म्हणजे स्कूटर बंद. ऑफिसला जायची सोय आधीच बघून ठेवा.

पारिजातक
फेसलिफ्ट. शरीराचं वर सगळं आलंय, मी मनाचं लिहिते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मन फार उदास झालं. भुलीचा शीण, अपुरी झोप, आरशातला अनोळखी चेहरा. सर्जनच्या नर्सबाई म्हणाल्या, हे पुष्कळांना होतं. तेवढ्या एका वाक्याने मोठा आधार वाटला. सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही, त्यामुळे चेहरा वाकडा झाल्यासारखा वाटतो. लगेच लग्नकार्य, गौरी-गणपती असेल तर तारीख पुढे ढकला, कारण येणारा प्रत्येक जण तोंडावर बोलणार. आपल्या त्वचेवर व्रण काळसर पडायची शक्यता जास्त असते, त्यामुळे उन्हात चेहरा झाका आणि सनस्क्रीन कधीपासून लावायचं ते विचारून घ्या. पूर्वी कुठल्या जखमेचा व्रण जाड, उंचवट्याचा झाला असेल तर तेही आधीच दाखवा. अपघात, भाजणं, कॅन्सर अशी कारणं सोडली तर आरोग्य विमा याचे पैसे देत नाही, तेव्हा हाताशी थोडे जास्त ठेवा.

केवडा
पुढच्या महिन्यात माझं नाक आहे. चष्म्याचा नंबर मोठा आहे. चष्म्याचं काय करायचं?

रानजाई
केवडा, चार ते सहा आठवडे तरी चष्म्याचा भार नाकाच्या हाडावर नको, ते बसत असतं. मला चष्मा चिकटपट्टीने कपाळाला टांगायला शिकवलं होतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर डोळ्यांची सूज उतरल्यावर सर्जनना विचारून लाव. नसशील तर सवय आत्ताच कर, नंतर सुजलेल्या डोळ्यांनी शिकणं फार अवघड जातं.