अल्कोहोल अब्लेशन: माळकरी काकांचा अनुभव

हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून धोकादायक जलद ठोके उठत असतील तर ती बिघडलेली जागा मारून टाकतात, त्याला अब्लेशन म्हणतात. 'रेडिओफ्रिक्वेन्सीने भागतं, मग हृदयात अल्कोहोल सोडायचा अघोरी उपाय कशाला' हे इथे वर कुणीतरी मांडलेलं म्हणणं अर्धंच पटलं. पहिला उपाय तोच, म्हणजे हृदयात नेलेल्या बारीक नळीच्या (कॅथेटरच्या) टोकाने ती जागा जाळणं, पण त्या कॅथेटरची उष्णता स्नायूत काही मिलिमीटरच पोचते. बिघाड खालच्या दोन कप्प्यांमधल्या जाड पडद्याच्या पोटात असेल तर दोन्ही बाजूंनी जाळूनही तो शाबूत राहू शकतो. मग त्या जागेला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमनीत किंवा तिथल्या शिरेत शिरून, बहुधा फुगा फुगवून, थोडं शुद्ध अल्कोहोल सोडतात. तेवढा स्नायू मरतो. नवं खूळही नाही हे, ब्रुगाडा वगैरे हृदयतज्ज्ञांनी १९८९ मध्येच प्रसिद्ध केलंय.

आमच्या काकांचं सोलापूरहून पुण्याला नेऊन हेच केलं. आधीची दोन अब्लेशनं फसलेली, आणि छातीतल्या आयसीडीने (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) एका रात्रीत चार शॉक दिलेले. पण घोडं अडलं भलतीकडेच. काका माळकरी, दरसाल आषाढीला पंढरपूर. संमतीपत्रावर 'अल्कोहोल' वाचलं आणि सही करेनात. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, इंजेक्शनाआधी दंडाला लावतात तसलंच ते, प्यायचं थोडंच आहे?" तेव्हा कुठे पेन हातात घेतलं.

एक धोका मात्र इथे कुणी लिहिलेला नाही. ठोक्यांची मुख्य वायरिंग त्याच पडद्यातून जाते. तिला इजा झाली तर कायमचा पेसमेकर लागू शकतो, ते आधीच विचारून घ्या. काकांचं आयसीडी पेसमेकरचं कामही करतं, त्यामुळे आम्हाला ती काळजी नव्हती.