प्रो मॉड की प्रो स्टॉक? दारवाल्या गाड्यांत श्रेष्ठ कोण?

चौथागिअर (धागाकर्ता): अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमधे (सरळ पट्ट्यावरच्या छोट्या, अतिवेगवान शर्यतीत) दार उघडून आत बसायच्या गाड्यांचे हे दोन व्यावसायिक वर्ग. माझं मत प्रो मॉडला. प्रो स्टॉकमधे सगळे एकाच साच्यातले: ५०० घनइंचाचं इंजिन, टर्बो नाही, सुपरचार्जर नाही (दोन्ही इंजिनात जादा हवा कोंबतात), २०१६पासून १०,५०० आरपीएमची (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) मर्यादा. रांगेत शेवरलेच्या कॅमॅरोच कॅमॅरो! प्रो मॉडमधे १९६९च्या कॅमॅरोशेजारी १९६३ची कॉर्व्हेट उभी राहते, एकीला नायट्रस (ताकद वाढवायला इंजिनात सोडायचा वायू), दुसरीला सुपरचार्जर. पाव मैल सहा सेकंदांच्या आत, ताशी ४०० किमी. प्रो स्टॉकला साडेसहा लागतात.

क्लचप्लेट: अजिबात सहमत नाही. प्रो मॉडमधे एका प्रकारच्या गाड्या पुढे जायला लागल्या की एनएचआरए (या शर्यती भरवणारी संघटना) त्यांचं वजन वाढवते, नाहीतर सुपरचार्जरचं ओव्हरड्राइव्ह (तो इंजिनाच्या तुलनेत किती वेगाने फिरतो ते) कमी करते. तेही भर हंगामात. ज्याने हिवाळाभर डोकं चालवलं त्याचीच कमाई कापायची, हा कुठला न्याय? प्रो स्टॉकमधे सगळ्यांना एकच नियम. तिथे शतांश सेकंद सुद्धा घाम गाळून मिळवावा लागतो. प्रो स्टॉकची चालक एरिका एंडर्सच्या सहा विजेतेपदांकडे म्हणूनच कुणी बोट दाखवू शकत नाही.

चौथागिअर: वजन वाढवलं नाही तर दोन वर्षांत सगळे एकच यंत्रणा बसवतील आणि प्रो मॉडचंही प्रो स्टॉक होईल. प्रो मॉडच्या विजेतेपदांचे निकाल बघा. २०१४ला रिकी स्मिथ नायट्रसवर जिंकला, २०१७ला ट्रॉय कॉफलिन टर्बोवर, २०१८ला माइक जॅनिस सुपरचार्जरवर.

शार्लटकर: शार्लटजवळच्या झी-मॅक्स ट्रॅकला चार लेनमधे दोन्ही वर्ग जवळून पाहिलेत. नायट्रसवाली गाडी सुटते तेव्हा छातीत धक्का बसतो, ते प्रो स्टॉकमधे नाही. तरी "स्टॉक" (कारखान्यातून आली तशी) या नावावरून टोमणे नकोत. कार्बन फायबरचं कवच आणि आत नळ्यांचा सांगाडा दोन्हीकडे आहे, कारखान्यातली गाडी कुठेच नाही.

क्लचप्लेट: शार्लटकर, छातीतला धक्का मान्य. पण साडेसहा सेकंदांत चार वेळा गिअर हाताने बदलायचा, प्रत्येक वेळी नेमक्या आरपीएमला. किंचित उशीर झाला की रेस गेली. ते स्टँडमधून ऐकू येतं, एकेक शिफ्ट मोजता येते. मी त्यासाठीच जातो.

चौथागिअर: शिफ्टचं मान्य, तिथे प्रो स्टॉकला तोड नाही. पण १९८७मधे बिल कुलमनने दारवाली गाडी पहिल्यांदा ताशी २०० मैलांपलीकडे नेली, तेव्हा त्याला कुणी साचा दिला नव्हता. प्रो मॉड त्याच धाडसातून आलं, आणि मला ते जपलेलं हवंय.