मालिकेला काल्याचा दिवस का नसतो? छोटा पडदा, मोठा पडदा आणि दर्जाचा प्रश्न

गोदाकाठ (नांदेड)

माझे मत आरंभीच मांडतो. मराठी चित्रपटाने गेल्या वीस-बावीस वर्षांत जी उंची गाठली, तिच्या जवळपासही आपली दैनंदिन मालिका पोहोचलेली नाही. ‘श्यामची आई’ या चित्रपटाला १९५४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर तो मान मराठीकडे परत यायला ‘श्वास’पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे जावी लागली. पुढे मात्र ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनी तो थोड्याथोड्या अंतराने मिळवला.

याचे कारण केवळ पैशात शोधू नये, असे मला वाटते. मालिका कानासाठी लिहिली जाते. स्वयंपाक करता करता, मुलांचा अभ्यास घेता घेता ती पाहिली जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून पात्राला दुःख झाले की ते पात्र तसे बोलून दाखवते, दुसरे पात्र तेच पुन्हा सांगते, आणि वर पार्श्वसंगीत त्याची ग्वाही देते. ‘श्वास’मधला आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी नातवाला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातो, कारण त्यानंतर त्या मुलाला काही दिसणार नसते. त्या भटकंतीत जे घडते ते डोळ्यांनीच पाहावे लागते. ‘कोर्ट’मध्ये तर कॅमेरा एका जागी स्थिर उभा राहतो आणि न्यायालयातला कंटाळवाणा वेळ आपल्यालाही सोसायला लावतो. प्रेक्षक अंधारात, दुसरे काहीही न करता बसलेला आहे, हा विश्वास असल्याशिवाय असे दृश्य कोणी योजत नाही.

मांजराकाठ (लातूर)

गोदाकाठ यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. कानासाठी लिहिणे म्हणजे कमी प्रतीचे लिहिणे, हे आपण मराठवाड्यातल्या माणसांनी तरी म्हणू नये. नर्सीचे नामदेव आणि पैठणचे एकनाथ ज्या भूमीत झाले, तिथे कीर्तनकार एकाच अभंगाच्या ध्रुवपदावर पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी अर्थाचा नवा पदर उलगडतो. पुनरावृत्ती हा दोष नाही. तिच्यात नवे काही न घालणे हा दोष आहे.

शिवाय मालिकेजवळ जो वेळ असतो तो चित्रपटाजवळ कधीच नसतो. सासू-सुनेतला अबोला वर्षभर कसा मुरतो, थोरल्या भावाने जमिनीच्या वाटणीचा विषय किती दिवाळ्या टाळला, हे दोन तासांत सूचित करता येते, पण जगून दाखवता येत नाही. माझी आई भाकरी थापताना मालिका ऐकते आणि एखाद्या पात्राचे वागणे तिला पटले नाही, तर सहा महिन्यांपूर्वीच्या प्रसंगाचा दाखला देऊन तसे सांगते. इतक्या लांबवरची स्मृती ठेवणारा प्रेक्षक हलका कसा मानायचा?

आणखी एक गोष्ट आहे. तालुक्याच्या ठिकाणची जुनी टॉकीज बंद पडल्यानंतर चांगला मराठी चित्रपट पाहायला जिल्ह्याच्या गावी जावे लागते. तिथेही तो अडनिड्या वेळेला एखाद्या खेळापुरता लागतो आणि आठवड्यात उतरतो. जी कलाकृती माणसांपर्यंत पोहोचतच नाही, तिच्या दर्जाची तुलना घरोघरी पोहोचणाऱ्या कलाकृतीशी करताना एवढे भान ठेवावे.

बालाघाट (बीड)

या वादात बोलीचा विचार व्हायला हवा. ‘लागिरं झालं जी’मुळे साताऱ्याची आणि ‘तुझ्यात जीव रंगला’मुळे कोल्हापूरची बोली रोज संध्याकाळी महाराष्ट्राच्या घराघरांत ऐकू आली, आणि ते श्रेय मालिकेचेच आहे. आपल्याकडचे ‘काय करायलास?’ मात्र दोन्ही पडद्यांवर बहुधा हशा पिकवण्यापुरते येते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून आणि ‘जिगीषा’सारख्या नाट्यसंस्थेतून घडलेली माणसे मुंबईत गेली आणि नावारूपाला आली, त्यांची बोली त्यांच्याबरोबर तितक्या मानाने गेली नाही, याचे मला दुःख वाटते.

गोदाकाठ (नांदेड)

मांजराकाठ यांनी कीर्तनाचा दाखला दिला, त्याबद्दल आभार, कारण माझा मुद्दा त्यातूनच अधिक नेमका मांडता येईल. सप्ताहात पहिल्या दिवशीच सर्वांना ठाऊक असते की अखेरच्या दिवशी काल्याचे कीर्तन होणार. त्यामुळे मधल्या प्रत्येक कीर्तनाला आपली जागा असते. दैनंदिन मालिकेला काल्याचा दिवसच नसतो. ती कधी संपणार हे लेखक ठरवत नाही. दर आठवड्याला येणारे टीआरपीचे आकडे ठरवतात. आकडे चांगले असतील तर संपत आलेली गोष्ट पुन्हा उघडतात, मेलेले पात्र परत आणतात. आकडे घसरले तर रंगात आलेली गोष्ट पंधरवड्यात गुंडाळतात. त्यात आठवड्यातले पाच-सहा दिवस, जाहिराती वगळता वीस-बावीस मिनिटांचा भाग द्यायचाच असतो. शेवट हाती नसताना सुरुवात नीट लिहिता येते, यावर माझा विश्वास नाही. चांगले लेखक आणि कसलेले नट या चक्रात अडकलेले पाहून मला वाईट वाटते. त्यांच्या कसबाविषयी माझ्या मनात शंका नाही.

मांजराकाठ (लातूर)

काल्याचा मुद्दा मी मान्य करते. पण मग दोष पडद्याचा नसून रोजच्या रतिबाचा आहे, हेही आपण मान्य करावे. दूरदर्शनवर १९८८ साली गोविंद निहलानी यांची फाळणीवरची ‘तमस’ दाखवली गेली, ती मोजक्या भागांची होती. त्याच वर्षी सुरू झालेली श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ५३ भागांत पूर्ण झाली. दोन्हींचा शेवट आधी ठरलेला होता, आणि दोन्ही आमच्या घरी त्याच छोट्या पडद्यावर, शेजारपाजारच्या माणसांसह पाहिल्या गेल्या. फाळणीची दृश्ये पाहताना आमच्या ओसरीवर कोणी बोलत नसे, आणि त्या वेळी आईही हातातले काम ठेवून बसलेली असे. मराठीत आज तेरा किंवा सव्वीस भागांची, शेवट बांधून घेतलेली मालिका एखाद्या वाहिनीने रात्री साडेआठला लावावी आणि मग आपण तुलना करावी. तोवर ‘कोर्ट’ थोर आहे हे मी आईला सांगत राहीन. तिने तो अजून पाहिलेला नाही, कारण तो लागला होता तेव्हा त्यासाठी चाळीस किलोमीटर जाऊन रात्री परत येणे तिला शक्य नव्हते.