प्रति: मर्यादा घालूनही कामं लवकर का संपत नाहीत?

सॉफ्टवेअर टीमच्या कानबान बोर्डावर प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड, आणि ते एकेका टप्प्याच्या रकान्यातून पुढे सरकतं. 'डेव्हलपमेंटच्या रकान्याला एका वेळी ३ कार्डांची मर्यादा घातली, तरी फीचर महिनाभर लटकतं' अशी तुमची तक्रार आहे. मर्यादा चुकीच्या जागी बसलीय. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं सूत्र लावून बघा: एका कामाला लागणारा सरासरी वेळ = हातातली कामं ÷ दर आठवड्याला संपणारी कामं. बोर्डावर २४ कार्डं आणि आठवड्याला ६ संपत असतील, तर ४ आठवडे लागणारच. रिव्ह्यू (सहकाऱ्याने कोड तपासणं) आणि टेस्टिंगपुढे साचलेली कार्डंही त्यातच धरा; 'ब्लॉक्ड' (अडलेल्या कामांच्या) रकान्यात ती लपवणं म्हणजे शुद्ध फसवणूक. रिव्ह्यूलाही २ ची मर्यादा घाला. ती भरली की नवं कार्ड उचलायचं नाही, आधी दुसऱ्याची पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी पाठवलेला कोडमधला बदल) तपासायची. 'माणसं रिकामी बसलीत' म्हणून मॅनेजर कुरकुरतील. तेव्हा मर्यादा वाढवू नका.