मदत हवी आहे: सेफ (Ceph) क्लस्टरमध्ये एकच डिस्क भरत चालली आहे

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे सर्व्हर मी सांभाळतो. ड्रॉइंग आणि कास्टिंगचे एक्स-रे सेफ-एफएसवर आहेत, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र वापरणाऱ्या सेफ या स्टोरेज प्रणालीच्या फाइल सिस्टिमवर. तीन सर्व्हर, तीन प्रती.

डिस्क किती भरल्या ते दाखवणारी 'सेफ ओएसडी डीएफ' कमांड मारली की एक ओएसडी (म्हणजे एक डिस्क) ८६ टक्के भरलेला दिसतो, बाकीचे ६० च्या आसपास. ८५ चा निअरफुल (भरत आल्याचा) इशारा आलाच आहे, पण ९५ ला लिहिणंच बंद होतं, भीती त्याची. बॅलन्सर (डेटा डिस्कांवर सारखा वाटणारा भाग) अपमॅप मोडमध्ये, म्हणजे ठरावीक तुकडे ठरवून दुसऱ्या डिस्कवर नेणाऱ्या पद्धतीत, टाकायला गेलो तर आधी 'मिन-कॉम्पॅट-क्लायंट ल्युमिनस' करा म्हणतो (म्हणजे ल्युमिनस आवृत्तीपेक्षा जुने क्लायंट चालणार नाहीत). ते करायला गेलं की ज्युवेल या त्याहून जुन्या आवृत्तीचे क्लायंट जोडलेत म्हणून अडवतो! ती सगळी मशीनं ५.४ लिनक्स कर्नलची, आणि कर्नलमध्ये अपमॅप ४.१३ पासून आहे. मग ही अडवणूक डावलणारं '--येस-आय-रिअली-मीन-इट' लावून पुढं जाऊ का? (नाव वाचूनच हात आखडतो.) की तूर्त 'रीवेट-बाय-युटिलायझेशन' (जास्त भरलेल्या डिस्कचं वजन कमी करणं) बरं?

आणखी एक. पावसाळ्यात इथं लाईट कधी जाईल नेम नाही. डेटा हलत असताना एखादा सर्व्हर पडलाच, तर 'नोआउट' (पडलेल्या डिस्क क्लस्टरबाहेर न काढण्याची खूण) आधीच लावून ठेवावं का? कन्नडमध्ये सांगितलंत तरी चालेल.