मदत हवी आहे: कालपर्यंत चालणारी क्वेरी आज 'तारीख'वर अडते

खाडीकाठ: सकाळपासून डोकं धरून बसलोय. १ जूनला मासेमारी बंदी लागायच्या आत तांडेल (बोट चालवणारा)-खलाशांचा हिशोब चुकता करायचाय आणि महिन्याच्या मासळीच्या आवकेची क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा) एरर देतेय, मी त्यात काहीच बदललेलं नाही. लवकर सांगा.

वल्हं: कुठला डेटाबेस? एरर जशीच्या तशी टाका, क्वेरी पण.

देवगडकर: माझा एक्सेलात सगळा बरा चलता. पीव्होट घाल नि मोकळो हो.

खाडीकाठ: मायएसक्यूएल. एरर १०५२, 'तारीख' कॉलम अँबिग्युअस, म्हणे संदिग्ध. फ्रॉम आवक आ जॉइन बोटी बो ऑन आ.बोट_आयडी = बो.बोट_आयडी, व्हेअर तारीख >= ... एवढंच आहे.

वल्हं: बोटींच्या टेबलात हल्ली काही वाढवलंत का?

खाडीकाठ: हो, परवान्याची तारीख टाकली परवा, पण तिचा इथे काय संबंध?

वल्हं: तोच संबंध. आता 'तारीख' दोन्ही टेबलात आहे, कुठली धरायची ते त्याला कळत नाही. 'तारीख'च्या आधी टेबलाचं नाव लावा.

नांगर: त्यापेक्षा नॅचरल जॉइन कर, नावं लिहायची कटकटच नाही.

वल्हं: अजिबात नको! नॅचरल जॉइन सारख्या नावाचे सगळे कॉलम जुळवतो, म्हणजे आवकेची तारीख परवान्याच्या तारखेशी जुळवत बसेल, एरर येणार नाही पण ओळीच येणार नाहीत.

नांगर: मग युझिंग बोट_आयडी लिही, म्हणजे फक्त त्याच कॉलमवर जुळवेल, मी कायम तेच करतो.

वल्हं: चालेल, पण तारखेचा घोळ तसाच राहणार.

खाडीकाठ: आवक.तारीख लिहिलं, तर आता १०५४, अननोन कॉलम!!

वल्हं: टेबलाला एलियास, म्हणजे टोपणनाव, दिलाय ना, 'आ'? एकदा तो दिला की त्या क्वेरीत टेबलाचं मूळ नाव चालत नाही. आ.तारीख लिहा, ऑर्डर बायमध्ये (क्रम लावायच्या भागात) पण बघा.

रापण: विषय निघालाच आहे तर, सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) सुद्धा एलियास लावाच. मी एकदा डिलीट चालवलं, आतल्या टेबलात तो कॉलमच नव्हता, मला वाटलं एरर येईल, पण त्याने बाहेरच्या टेबलाचा कॉलम धरला आणि सगळ्या ओळी गेल्या. बॅकअप आदल्या रात्रीचा होता म्हणून वाचलो, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

देवगडकर: सुरमयचो दर काय लागलो आज?

खाडीकाठ: आ.तारीख, तीन ठिकाणी होतं, झालं! वल्हं, खूप आभार. प्रिंट काढतो, खलाशी जेटीवर थांबलेत.