दहावीनंतर आयटीआय: ट्रेड निवडायला मुलांना मदत कशी करावी?

प्रश्न – शिक्षिका, पलूस तालुका
वर्गातली बरीच मुलं आयटीआयला जायचं म्हणतात. कुठला ट्रेड (म्हणजे कोणत्या कामाचा कोर्स), विचारलं की सगळे इलेक्ट्रिशियन! मित्र भरतोय म्हणून. पालकांच्या मते मार्क कमी पडले तरच आयटीआय. परीक्षेआधी शाळेत काय करून घेता येईल? वर्कशॉप नाही.

शिल्प निदेशक (आयटीआयचे प्रशिक्षक), मिरज
मॅडम, एका टेबलावर भागेल. बेंच व्हाइस (तुकडा जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा) कोपराच्या उंचीला बसवा. 10 इंची चपटी कानस, एक गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणि 6 मिमी जाड एमएस (साधं पोलाद) पट्टीचे 50 मिमीचे तुकडे आणा. काम एकच: एक कड सपाट करायची, शेजारच्या कडेशी काटकोनात.

कड जबड्याच्या वर 8-10 मिमीच ठेवा, जास्त ठेवली की तुकडा थरथरतो. मग गुण्या लावून उजेडाकडे धरायला सांगा. बहुतेकांचा मधे टेकेल आणि दोन्ही टोकांना उजेड दिसेल, म्हणजे कड मधे फुगली. कारण कानस डुलते. ढकलायला सुरुवात करताना जोर पुढच्या हातावर हवा, शेवटी मुठीवरच्या. परत आणताना दाब सोडायचा, नाहीतर दाते बोथट होतात. बिनमुठीची कानस मात्र कुणाच्याही हातात देऊ नका, मुठीत बसणारी तिची टोकदार शेपटी तळव्यात घुसते.

न कंटाळता पुन्हा पुन्हा गुण्या लावून बघणारा मुलगा किंवा मुलगी फिटर (सुटे भाग जुळवणारा), मशिनिस्टला (मशिनवर धातू कापणारा) शोभते. मार्कांवरून हे कळत नाही.

वायरिंग ठेकेदार, सांगली
इलेक्ट्रिशियन म्हणणाऱ्यांची आधी रंगदृष्टी तपासून घ्या. लाल-हिरवा ओळखता येत नसेल तर वायरिंगमध्ये जिवाशी गाठ आहे, आणि हे दोन वर्षांनी कळून उपयोग नाही.

मग प्लायवूडवर जिन्याचं सर्किट, म्हणजे एकच दिवा वरून-खालून दोन्हीकडून लावता-विझवता येणारं: दोन टू-वे स्विच (प्रत्येकाला तीन टोकं, त्यातलं एक कॉमन), 9 व्होल्टची बॅटरी, तिला चालणारा छोटा बल्ब. 230 व्होल्टवर अजिबात नको. बॅटरीची वायर एका स्विचच्या कॉमनला, बल्बची दुसऱ्याच्या कॉमनला, दोन्ही स्विचची उरलेली टोकं एकमेकांना, बल्बची दुसरी वायर बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. चुकतं ते कॉमन ओळखण्यात. मग एक स्विच ठरावीक बाजूला असला तरच दुसरा चालतो. आकृती आधी काढून मगच वायर सोलणारी मुलं निवडा.

शिक्षिका, पलूस तालुका
दोन्ही करता येईल. पालकांना काय सांगू?

शिल्प निदेशक, मिरज
त्यांना एखाद्या फाउंड्रीत (ओतशाळेत) आणि मशिन शॉपमध्ये घेऊन जा, कुपवाडला दोन्ही आहेत. पंपाचं केसिंग (बाहेरचं कवच) दाखवा: पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), वाळूचा साचा, ओतकाम, टर्निंग (लेथवर कातणं), फिटिंग. प्रत्येक टप्प्याला वेगळा कारागीर लागतो, हे डोळ्यांनी बघितलं की बोलणं सोपं जातं.

आणि हेही सांगा: फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पुढे शिकायचं दार बंद होईल, ही भीती तिथेच निम्मी जाते. अर्ज ऑनलाइन असतो. विकल्पांचा क्रम मुलानं पालकांसमोर स्वतः लावावा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नये. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर निकालाआधीच काढून ठेवा, नंतर तहसीलला रांग लागते.